पेटंट व्यापार करारात शिरलं कसं? (कापूस, गोळ्या आणि डंकेल)

दुधनाकाठ (जालना)

जालन्यात कापसाच्या बियाण्याचा विषय निघाला की कोणीतरी "हे सगळं डंकेलमुळं" असं म्हणतंच. (डंकेल म्हणजे १९९१ साली गॅट या जागतिक व्यापार कराराचा मसुदा मांडणारे आर्थर डंकेल.) म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांचा जन्म डंकेलनंतरचा असतो. डंकेलनं नेमकं केलं काय, असं विचारलं की गाडी तिथंच थांबते. इथं या विषयावर जुना धागा सापडला नाही, म्हणून हा काढतोय. मी वकील नाही, अर्थशास्त्र शिकवतो. जाणकारांनी भर घालावी.

प्रश्न असा आहे. पेटंट, कॉपीराइट, ट्रेडमार्क हे ज्या त्या देशाचे घरचे कायदे. गॅट हा जकातीचा करार. १९४७ च्या गॅटमध्ये पेटंटचा उल्लेख मुख्यतः कलम २० मध्ये येतो, तोही अपवाद म्हणून: पेटंट-ट्रेडमार्कच्या रक्षणासाठी एखाद्या देशानं आयात अडवली तर ते चालवून घ्यावं. म्हणजे पेटंट ही व्यापारातली अडचण, पण सोसायची अडचण, असा तो हिशोब होता. १९९४ साली त्याच घराण्यातल्या करारात आलं की तंत्रज्ञानाच्या सगळ्या क्षेत्रांत पेटंट द्यावंच लागेल, अर्जापासून किमान २० वर्षं. इतकं उलटं झालं कसं?

त्याआधी पॅरिस करार होता, १८८३ चा. कॉपीराइटसाठी बर्न, १८८६ चा. पॅरिसचं मुख्य म्हणणं एवढंच, की परक्या अर्जदाराला आपल्या माणसासारखंच वागवा. पेटंट कशाला द्यायचं, किती वर्षांचं, औषधाला द्यायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. आज पेटंटचे मोठे कैवारी असलेल्या स्वित्झर्लंडनं औषध-पदार्थाला पेटंट द्यायला सुरुवात केली १९७७ साली, इटलीनं १९७८ साली. स्वतःची औषध कंपनी उभी राहीपर्यंत यांना पेटंट नको होतं, हे मी वर्गात मुद्दाम सांगतो.

आपल्याकडं १९११ चा इंग्रजी कायदा चालू होता. न्या. राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ च्या अहवालात दाखवलं की इथली बहुतेक पेटंटं परदेशी कंपन्यांची आहेत, आणि ती इथं माल बनवायला नव्हे, तर आयातीची मक्तेदारी राखायला वापरली जातात. त्यातून १९७० चा कायदा आला, १९७२ पासून लागू झाला. औषध आणि अन्न यांच्या पदार्थाला पेटंट नाही, फक्त कृतीला (बनवायच्या पद्धतीला), आणि तेही जास्तीत जास्त ७ वर्षं. दुसऱ्या कृतीनं तीच गोळी बनवली की ती कायदेशीर. आपला औषध उद्योग या एका तरतुदीवर उभा राहिला.

पॅरिस-बर्नचा कारभार पाहणारी संस्था म्हणजे जिनेव्हाची वायपो. तिथं एका देशाला एक मत, आणि बहुमत गरीब देशांचं. १९८० पासून पॅरिस करार दुरुस्त करायच्या परिषदा झाल्या, त्यात या देशांनी नियम आणखी सैल करा म्हटलं. बोलणी अडकली ती अडकलीच. शिवाय कोणी करार मोडला तर वायपो करणार काय? गावकीच्या बैठकीसारखं, ठराव होतो पण दंड कोणी भरत नाही.

मग कंपन्यांनी दुसरं दार शोधलं. गॅटच्या वाटाघाटींच्या टोकियो फेरीच्या अखेरीस, १९७९ च्या सुमाराला, बनावट ब्रँडच्या मालाविरुद्ध एक मसुदा पुढं आला होता. तो मंजूर झाला नाही, पण "नकली जीन्स हा व्यापाराचा प्रश्न आहे" हे वाक्य तोंडी बसलं. फायझरचे प्रमुख एडमंड प्रॅट तेव्हा अमेरिकी सरकारच्या व्यापार सल्लागार समितीचे अध्यक्ष होते. प्रॅट आणि आयबीएमचे जॉन ओपेल यांच्या पुढाकारानं १९८६ च्या मार्चमध्ये बौद्धिक संपदा (म्हणजे पेटंट, कॉपीराइट, ट्रेडमार्क) समिती नावाचा गट तयार झाला. फायझर, आयबीएम, मर्क, ड्यूपाँ, जनरल मोटर्स, मोन्सँटो अशा डझनभर कंपन्या. त्यांनी युरोप आणि जपानच्या उद्योग संघटनांना सोबत घेतलं आणि १९८८ साली तिघांनी मिळून गॅटसाठी तयार आराखडाच छापला. औषधवाले, संगणकवाले, सिनेमावाले यांचं आपसात फारसं जमत नसतं, इथं मात्र जमलं.

१९८६ च्या सप्टेंबरात उरुग्वेतल्या पुंता देल एस्ते गावी गॅटची नवी फेरी सुरू झाली. विषयपत्रिकेत शब्द पडले: बौद्धिक संपदेचे व्यापाराशी संबंधित पैलू, बनावट मालासह. भारत आणि ब्राझील म्हणत राहिले की हे फक्त नकली मालापुरतं. अमेरिका म्हणत राहिली, पैलूंत सगळं आलं.

कामून_बा (उदगीर)

सर, लिहिलंय झकास. पण आपण हो म्हणलो कामून? नाही म्हणून जिनेव्हातून उठून यायचं ना. आन् दुसऱ्याच्या घरच्या कायद्याशी अमेरिकेचं काय घेणंदेणं?

दुधनाकाठ (जालना)

कामून_बा, सगळी कथा तुमच्या प्रश्नातच आहे.

अमेरिकेच्या १९७४ च्या व्यापार कायद्यात कलम ३०१ आहे. अन्याय्य व्यापार करणाऱ्या देशाच्या मालावर जकात लावायचा अधिकार. १९८४ साली त्यात बौद्धिक संपदा घातली. १९८८ साली 'स्पेशल ३०१' आलं, म्हणजे दरवर्षी देशांची यादी काढायची. त्याच वर्षी औषध पेटंट देत नाही म्हणून ब्राझीलच्या कागद, औषधं, इलेक्ट्रॉनिक्स अशा मालावर १०० टक्के जकात बसली. भारत १९८९ पासून प्राधान्य निगराणी यादीत, १९९१ साली त्याहून वरच्या यादीत. १९९२ साली सुमारे ६ कोटी डॉलरच्या भारतीय औषध निर्यातीची जकातसवलत काढून घेतली.

तोवर भारताची भूमिका बदलून गेली होती. १९८८ च्या डिसेंबरात याच फेरीची माँट्रियलची बैठक फिसकटली, आणि १९८९ च्या एप्रिलमध्ये जिनेव्हात पेटंटचे नियम किती कडक असावेत यावर बोलायला भारतानं मान्यता दिली. माझ्या मते खरं वळण हे. लोक मर्राकेशला (मोरोक्को) झालेल्या कराराच्या सहीला शिव्या देतात, पण सही १९९४ ची, दार उघडलं पाच वर्षं आधी. त्यानंतर १९९१ चं परकीय चलनाचं संकट. त्याच वर्षीच्या २० डिसेंबरला गॅटचे महासंचालक आर्थर डंकेल यांनी मसुदा टेबलावर ठेवला. घ्यायचा तर सगळा घ्या.

उठून येता आलं नाही ते या 'सगळा घ्या'मुळं. टोकियो फेरीत प्रत्येक नियमावली वेगळी होती, पटेल ती घ्यायची. उरुग्वे फेरीत एकच गाठोडं केलं. कापडाचे कोटे हटवायचे होते (ते १ जानेवारी २००५ ला हटले), शेतीमालाला बाजार हवा होता, आणि ३०१ च्या मनमानीपासून आडोसा हवा होता. हे पाहिजे तर पेटंटही घ्या. १५ एप्रिल १९९४ ला मर्राकेशला सह्या झाल्या, १ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना (डब्ल्यूटीओ) सुरू झाली. तिच्या कराराचं परिशिष्ट '१ क' म्हणजे ट्रिप्स, बौद्धिक संपदेचा करार.

जुना_बिल्लेवाला (परभणी)

धागा वाचतोय. आम्ही त्या वेळी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला लावून फिरत होतो, म्हणून दोन शब्द.

तिकडं कर्नाटकात नंजुंडस्वामींच्या रयत संघानं १९९२ च्या डिसेंबरात बंगळूरच्या कारगिल सीड्सच्या कचेरीतली कागदपत्रं रस्त्यावर आणून जाळली. इकडं शरद जोशींनी डंकेल प्रस्तावाला उघड पाठिंबा दिला. दोघेही शेतकऱ्यांचे नेते. जोशींचं गणित वेगळं होतं: सरकार शेतकऱ्याला देतं ती सबसिडी उणे आहे, म्हणजे भाव पाडून काढून घेतं जास्त. मग खुल्या व्यापारात आपण हरणार कशाला? आणि तंत्रज्ञान कोणाचंही असो, ते निवडायचा हक्क शेतकऱ्याचा.

परभणीच्या चौकात तेव्हा भाषणं व्हायची की डंकेल आला म्हणजे घरचं बी पेरलं तर पोलीस येतील. आले का पोलीस? दुधनाकाठ, हे पण लिहा. भीती घालणारे आज मूग गिळून आहेत.

खंडपीठ_ताई (छत्रपती संभाजीनगर)

काका, पोलीस आले नाहीत हे खरं. पण ते डंकेलच्या कृपेनं नाही.

ट्रिप्सच्या कलम २७.३(ब) मध्ये म्हटलंय की झाडं-प्राणी पेटंटबाहेर ठेवता येतील, पण वाणांना काहीतरी संरक्षण द्यावं लागेल: पेटंटनं, किंवा परिणामकारक स्वतंत्र कायद्यानं, किंवा दोन्हींनी. स्वतंत्र कायदा कसा, ते मोकळं सोडलं. युरोपात यूपोव्ह नावाचा, नवे वाण काढणाऱ्या पैदासकारांच्या हक्कांचा जुना करार आहे, १९९१ नंतर तो पैदासकाराच्या बाजूनं फार कडक झाला. पुष्कळ देशांनी तोच उचलला. आपण नाही उचलला. आपला २००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे. त्याच्या कलम ३९ प्रमाणे शेतकरी संरक्षित वाणाचं बीसुद्धा राखू, पेरू, पुन्हा पेरू, देऊ-घेऊ आणि विकू शकतो. ब्रँड लावून मात्र विकायचं नाही.

२०१९ साली गुजरातेत पेप्सिकोनं बटाटा उत्पादकांवर दावे केले, तेव्हा याच कलमावरून देशभर ओरड झाली आणि कंपनीनं दावे मागं घेतले. म्हणजे भीती अगदीच हवेतली नव्हती. डंकेलच्या वेळी लोक ओरडले, म्हणून २००१ साली संसदेत ते कलम इतकं रुंद झालं. भाषणं करणाऱ्यांचंही त्यात थोडं श्रेय आहे, काका. रागावू नका.

जुना_बिल्लेवाला (परभणी)

रागावलो नाही बाई. कलम ३९ चांगलंच आहे. पण संकरित बी राखून करता काय?

पाकीट_४५० (मंठा)

काकांनी बरोबर जागी बोट ठेवलं. माझं कृषी सेवा केंद्र आहे, रोज पाकिटं विकतो. संकरित कपाशीचं बी दुसऱ्या वर्षी पेरलं तर झाडं एकसारखी येत नाहीत, बोंडं कमी. त्यामुळं कायदा काहीही म्हणो, गिऱ्हाईक दर मृगाला दुकानात येणारच. तिथं कंपनीला पेटंटची गरज नाही.

आमच्या वडिलांच्या काळात नांदेड ४४ चा जोर होता, एनएचएच ४४. सरकारी संशोधन केंद्रातला वाण, १९८४ चा. रॉयल्टीचं नाव नाही. २००२ च्या मार्चमध्ये बीटी कपाशीला (बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या) परवानगी मिळाली, महिको-मोन्सँटोच्या. महिको तर आमच्या जालन्याचीच, बारवाले साहेबांनी १९६४ साली काढलेली. मग चारसहा हंगामांत नांदेड ४४ मागणारं गिऱ्हाईक दिसेनासं झालं. बोंडअळीपुढं त्याचं काही चालेना, आणि सरकारला त्यात बीटी आणायला उशीर झाला. पेटंटनं नाही, उशिरानं मारला तो वाण. हे माझं मत.

दराचं सांगतो. सुरवातीला पाकीट सोळाशेच्या पुढं. त्यात १,२५० च्या आसपास नुसती तंत्रज्ञानाची फी. २००६ साली आंध्र सरकार मक्तेदारी आयोगाकडं गेलं आणि पाकीट ७५० वर आलं.

आता खंडपीठ_ताईंना विचारतो: त्या पहिल्या बीटीला भारतात पेटंट होतं का?

खंडपीठ_ताई (छत्रपती संभाजीनगर)

नव्हतं! बीजी-१ च्या, म्हणजे त्या पहिल्या बीटीच्या जनुकावर इथं पेटंट नव्हतं. फी वसूल झाली ती बियाणे कंपन्यांशी केलेल्या खासगी करारांवर. पेटंट होतं बीजी-२ वर, म्हणजे नंतर आलेल्या बीटीवर. अर्ज १९९९ चा, मिळालं २००८ साली, मुदत संपली २०१९ च्या नोव्हेंबरात. मधल्या काळात नुझिवीडू ही बियाणे कंपनी आणि मोन्सँटो यांचं भांडण झालं. २०१८ च्या एप्रिलमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं पेटंट रद्द केलं, २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल बाजूला ठेवून दावा पुन्हा एकल न्यायाधीशाकडं पाठवला, आणि पुढं दोघांत समेट झाला. बीत घातलेलं जनुक पेटंटयोग्य की नाही, याचं शेवटचं उत्तर आपल्याला मिळालंच नाही. वकिलाला असा समेट फार जिवावर येतो.

आणि फी कमी केली ती केंद्राच्या २०१५ च्या दरनियंत्रण आदेशानं. २०२० पासून ती शून्य आहे. पाकीट आता महागतंय त्यात रॉयल्टी नाही.

गोळीबार (लातूर)

बियाण्यात रमलात सगळे. मेडिकल दुकानवाल्याचंही ऐका.

भारताला औषध पेटंटसाठी २००५ पर्यंत मुदत होती. पण मेख होती: १९९५ पासूनच अर्ज स्वीकारून बाजूला ठेवायचे. याला टपालपेटी म्हणत. त्यासाठी १९९४ च्या अखेरीस वटहुकूम काढला, तो संपून गेला. विधेयक लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत अडकलं, १९९६ साली लोकसभा विसर्जित झाली आणि ते बाद. सरकार म्हणालं, काही बिघडलं नाही, कचेरीत आतून सूचना दिल्यात. अमेरिकेनं तक्रार ठोकली आणि १९९७ साली भारत हरला. मग १९९९, २००२ आणि २००५ अशा तीन दुरुस्त्या आल्या.

पण २००५ च्या दुरुस्तीत डाव्यांनी ताणून धरलं म्हणून कलम ३(ड) घट्ट झालं: जुन्याच औषधाचं नवं रूप आणलं तर गुण खरोखर वाढलाय हे दाखवा, नाहीतर पेटंट नाही. नोव्हार्टिसचं ग्लिव्हेक, रक्ताच्या कर्करोगावरचं, १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयात याच कलमावर पडलं. त्याआधी २०१२ च्या मार्चमध्ये बायरच्या नेक्सावार या कर्करोगावरच्या औषधासाठी नॅटको या भारतीय कंपनीला सक्तीचा परवाना मिळाला, म्हणजे पेटंटवाल्याची संमती नसतानाही ते बनवायची मुभा. महिन्याचा डोस २ लाख ८० हजारांचा होता. नॅटकोनं ८,८०० ला दिला.

हा परवाना ट्रिप्समध्ये बसतो. कलम ३१. आणि ती जागा पक्की झाली डब्ल्यूटीओच्या दोह्याच्या बैठकीतल्या नोव्हेंबर २००१ च्या जाहीरनाम्यानं. का झाली? दक्षिण आफ्रिकेत एड्सनं माणसं मरत होती, आणि ३९ औषध कंपन्या तिथल्या सरकारवर खटला चालवत होत्या. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिप्लानं एड्सवरच्या तीन औषधांचा वर्षाचा कोर्स ३५० डॉलरला देऊ केला. बड्या कंपन्यांचा भाव १० हजारांच्या वर होता. एप्रिलमध्ये खटला मागं. सिप्लाला हे जमलं कशामुळं? १९७० च्या कायद्यामुळं.

कामून_बा (उदगीर)

ह्ये ३५० डॉलरचं म्हाईत नव्हतं. जबरी. पण मला अजून एक उमजंना. मोडला करार तर डब्ल्यूटीओ काय करतंय? पोलीस पाठवतंय का?

खंडपीठ_ताई (छत्रपती संभाजीनगर)

पोलीस नाही, सूड घ्यायची परवानगी. जुन्या गॅटमध्ये निकाल मान्य व्हायला सगळ्यांची संमती लागायची, हरलेल्या देशाचीही. साहजिकच निकाल कपाटात. नव्या नियमात निकाल अडवायला सगळ्यांची संमती लागते. आणि जिंकणाऱ्याला दुसऱ्याच क्षेत्रात उट्टं काढता येतं: तुम्ही पेटंट पाळलं नाही, तर मी तुमच्या कापडावर जकात लावीन. दुधनाकाठ सरांनी विचारलं ना, पेटंट व्यापारात का आणलं? यासाठी. कापड विकायचं असेल तर पेटंट पाळावंच लागेल.

पण ही काठी दोन्ही बाजूंनी मारते, हे आणणाऱ्यांच्या ध्यानात आलं नसावं. केळ्यांच्या भांडणात २००० साली इक्वेडोरला युरोपाविरुद्ध बौद्धिक संपदेचे हक्क स्थगित करायची परवानगी मिळाली. आणि आपल्या भागानं लक्षात ठेवावी अशी केस कापसाची आहे. अमेरिका आपल्या कापूसवाल्यांना अनुदान देऊन जगाचा भाव पाडते, म्हणून ब्राझील २००२ साली डब्ल्यूटीओत गेला. जिंकला. अमेरिका हलेना. २००९ साली लवादानं ठराविक रकमेच्या पुढं अमेरिकी पेटंट-कॉपीराइटवरही हात टाकायची मुभा दिली. २०१० च्या मार्चमध्ये ब्राझीलनं तशी यादी प्रसिद्ध केली आणि वॉशिंग्टनची माणसं लगोलग वाटाघाटीला आली. वर्षाला १४.७३ कोटी डॉलर ब्राझीलच्या कापूस उत्पादकांच्या निधीला द्यायचं ठरलं, आणि २०१४ साली ३० कोटींवर प्रकरण मिटलं. अनुदान मात्र पुरतं गेलं नाही.

अवांतर: अपिलाचं मंडळ २०१९ च्या डिसेंबरपासून बंद पडलंय, अमेरिका नेमणुका होऊ देत नाही म्हणून. आज हरलेला देश बंद खिडकीपुढं अपील टाकून बसू शकतो.

पाकीट_४५० (मंठा)

ब्राझीलनं हे केलं तेव्हा आपण काय करत होतो?

दुधनाकाठ (जालना)

आपण त्या खटल्यात फक्त त्रयस्थ पक्ष होतो. भरपाई तक्रारदारालाच मिळते.

वसमतकर (हिंगोली)

आमच्या हळदीचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. १९९५ साली मिसिसिपीच्या विद्यापीठ वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकी पेटंट मिळालं होतं. डॉ. माशेलकरांच्या सीएसआयआरनं (केंद्राच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेनं) जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुढं ठेवले आणि १९९७ साली ते रद्द झालं. मग हे ट्रिप्समुळं झालं म्हणायचं का? आणि आता वसमत हळदीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, त्याचा परदेशात उपयोग किती?

खंडपीठ_ताई (छत्रपती संभाजीनगर)

हळदीचं पेटंट ट्रिप्समुळं नव्हे, अमेरिकेच्या घरच्या कायद्यात मिळालं आणि तिथंच पडलं. ट्रिप्सचा दोष वेगळा: अर्जदारानं वनस्पती किंवा ज्ञान कुठून घेतलं ते सांगावं, अशी सक्ती त्यात नाही. भारत हे दोह्यापासून मागतोय. ते अखेर २०२४ च्या मे महिन्यात आलं, तेही वायपोच्या वेगळ्या करारात. गंमत बघा, कंपन्या जे घर सोडून गेल्या, तिथं आता आपण दाद मागतोय.

जीआयचं असं आहे. ट्रिप्सच्या कलम २२ मध्ये सगळ्या मालाला साधं संरक्षण: लोकांची दिशाभूल होत असेल तर अडवा. कलम २३ चं कडक संरक्षण फक्त वाइन आणि दारूला, कारण ते युरोपानं मागून घेतलं. 'शॅम्पेनसारखी' असंही लिहिता येत नाही. 'पैठणीसारखी' मात्र परदेशात खुशाल लिहा, फसवणूक सिद्ध करायचं ओझं आपल्यावर. जालन्याची मोसंबी, बीडचं सीताफळ, मराठवाड्याचा केसर, सगळ्यांची हीच गत. देशात मात्र १९९९ चा कायदा आहे, २००३ पासून लागू, तो वापरा. नोंदणी १० वर्षांची, मग नूतनीकरण. आणि नोंदणी संस्थेच्या नावावर असते, त्यामुळं तुम्ही वसमतचे शेतकरी असलात तरी 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतःचं नाव वेगळं नोंदवावं लागतं. त्याशिवाय पोत्यावर ते चिन्ह छापता येत नाही.

वसमतकर (हिंगोली)

हे आमच्या गटात एकालाही माहीत नाही. सगळे समजतात जीआय मिळालं म्हणजे झालं. अर्ज कुठं करायचा ताई?

खंडपीठ_ताई (छत्रपती संभाजीनगर)

चेन्नईच्या जीआय कचेरीत, ऑनलाइनही होतो. शुल्क आता नाममात्र आहे. सातबारा आणि मूळ नोंदणीधारक संस्थेचं पत्र सोबत ठेवा. गटातल्या सगळ्यांचे एकदमच पाठवा. मला व्यनि करा, नमुना देते.